गप्प चिठ्ठीपासून सुरुवात करा: घरच्या ब्लड ग्रुपवरून प्रभावी-अप्रभावी समजून घ्यायची युक्ती

परवा भाची नववीचं विज्ञानाचं पुस्तक काखेत मारून आली आणि बसायच्या आधीच विचारलं, मावशी, आनुवंशिकतेच्या धड्यातलं प्रभावी म्हणजे ताकदवान ना, मग ते अप्रभावीवाले इतक्या पिढ्यांत संपून कसे गेले नाहीत? मी कणीक मळत होते, म्हटलं थांब हात धुते. कारण प्रश्न भारी आहे आणि सगळ्यांचं घोडं इथेच अडतं. मी बरीच वर्षं बायोलॉजीच्या ट्यूशन घेतल्या, पोरं गणितात अडकत नाहीत, शब्दात अडकतात. प्रभावी म्हटलं की डोळ्यांपुढे गावचा पुढारी येतो, ज्याचंच सगळीकडे चालतं, जो सगळीकडे असतो, आणि अप्रभावी म्हणजे बिचारा, दुबळा, आज ना उद्या जाणार. हे तिन्ही चूक आहे. प्रभावी म्हणजे चांगला नाही, जास्त संख्येने असणारा नाही आणि टिकणारा तर अजिबातच नाही. प्रभावी म्हणजे फक्त बोलका. अप्रभावी म्हणजे गप्प बसलेला, पण घरातच असलेला.

तर त्या दिवशी आम्ही जे वहीत केलं तेच इथे लिहिते. तुम्हाला लागेल एक वही, पेन, दोन नाणी आणि घरातल्या जमतील तेवढ्या लोकांचे ब्लड ग्रुप. मामा, काका, आत्या सगळ्यांना मेसेज टाकून ठेवा, उत्तरं येईपर्यंत आपलं वाटाण्याचं उदाहरण होऊन जाईल.

आधी चिठ्ठ्या. प्रत्येक गुणासाठी तुमच्याकडे दोन चिठ्ठ्या असतात असं धरून चला, एक आईकडून आलेली एक बाबांकडून. जनुक म्हणजे शरीरात काय कसं बनवायचं याची डीएनएच्या अक्षरांत लिहिलेली सूचना, आणि चिठ्ठी म्हणजे त्या जनुकाची एक आवृत्ती, पुस्तकात तिला युग्मविकल्पी म्हटलंय, कॉलेजात गेलात की सगळे अलील म्हणतात, मी चिठ्ठीच म्हणणार. मूल होताना आईच्या दोन चिठ्ठ्यांपैकी एकच पुढे जाते, डोळे मिटून काढल्यासारखी, आणि बाबांचंही तसंच. म्हणजे मुलाकडे परत दोन. एवढाच नियम आहे, बाकी सगळा त्याचाच पसारा.

आता मेंडेल. ब्रनो गावातल्या मठात राहणारा हा पाद्री, ते गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे, त्याने १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षं मठाच्या बागेत वाटाणे लावले आणि नुसते लावले नाहीत तर मोजले. सात गुण निवडले होते, त्यातला आपण एकच घेऊ, बी गोल आहे की सुरकुतलेलं. गोल बियांच्या शुद्ध झाडाचा सुरकुतलेल्याशी संकर केला तर पुढची पिढी सगळीच्या सगळी गोल. सुरकुती गायब. इथेच लोकांना वाटतं संपली. पण त्याच गोल बियांची झाडं वाढवून त्यांचं स्वपरागण, म्हणजे फुलाला आपलेच पराग, होऊ दिलं तर पुढच्या पिढीत सुरकुतलेल्या परत हजर, ७३२४ बियांपैकी ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या. साधारण तीनास एक. म्हणजे मधल्या पिढीत ती चिठ्ठी होतीच, बोलत नव्हती.

हे वहीत कसं मांडायचं ते बघा, फुलीगोळा खेळायला काढतो ना तशी चौकट काढा, दोन उभ्या रेघा दोन आडव्या. डावीकडचं सगळ्यात वरचं घर मोकळं सोडा. वरच्या उरलेल्या दोन घरांत आईच्या दोन चिठ्ठ्या लिहा, एका घरात एक. डावीकडच्या खालच्या दोन घरांत बाबांच्या. आता राहिली चार घरं, प्रत्येक घरात वरून खाली येणारी आणि डावीकडून येणारी चिठ्ठी एकत्र लिहायची. झालं, यालाच पनेटचा चौकोन म्हणतात, केंब्रिजमधल्या पनेट नावाच्या माणसाची युक्ती आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. इंग्रजी पुस्तकात प्रभावीला मोठं अक्षर आणि अप्रभावीला त्याचंच छोटं अक्षर लिहितात, मराठीत मोठं-छोटं अक्षर नसतं म्हणून मी सरळ गोलला गो आणि सुरकुतीला सु लिहिते. मधल्या पिढीचे आईबाप दोघंही गो-सु. चार घरांत काय येतं? गो-गो, गो-सु, सु-गो, सु-सु. पहिल्या तीन घरांत निदान एक गो आहे म्हणून बी गोल, शेवटचं एकच सुरकुतलेलं.

इथे एक गोष्ट दोनदा सांगते कारण परीक्षेत आणि आयुष्यात दोन्हीकडे याचाच घोळ होतो. ही चार घरं म्हणजे चार मुलं नव्हेत. ही एकाच मुलासाठीची चार शक्यतांची यादी आहे. भाचीला हे पटेना, म्हणून नाणी काढली. छापा म्हणजे गो, काटा म्हणजे सु, एक नाणं आईचं एक बाबांचं, दोन्ही एकदम उडवायची आणि लिहायचं. ४० वेळा उडवली. हिशोबाने १० वेळा काटा-काटा यायला हवं होतं, आलं ७ वेळा. मध्ये एकदा तर लागोपाठ तीन वेळा काटा-काटा आलं आणि ती म्हणाली आता चौथ्यांदा येणार नाही बघ. तर नाण्याला मागचं काही आठवत नसतं बाई, प्रत्येक वेळी चारात एक म्हणजे एकच. मेंडेलने हजारोंनी बिया मोजल्या त्या यासाठीच, चाळीसावर थांबला असता तर तीनास एक त्याला दिसलंही नसतं कदाचित. तुम्ही पण उडवून बघा, नुसतं वाचून हे अंगात मुरत नाही.

आणि बी सुरकुततं कशामुळे हे कळलं की गप्प म्हणजे काय ते एकदम डोक्यात बसतं. वाटाण्यात एक एन्झाइम असतं जे साखरेपासून फांद्या फुटलेलं स्टार्च बनवायला मदत करतं. सु चिठ्ठीत ते एन्झाइम बनवायच्या कृतीमध्ये साधारण ८०० अक्षरांचा भलताच मजकूर घुसलेला आहे, म्हणून ते एन्झाइम धड बनतच नाही. हे इंग्लंडमधल्या जॉन इन्स संस्थेतल्या लोकांनी १९९० मध्ये शोधलं, म्हणजे मेंडेलनंतर सव्वाशे वर्षांनी. एन्झाइम नाही म्हणून स्टार्च कमी, साखर जास्त, साखर पाणी ओढून घेते, बी टम्म फुगतं आणि वाळलं की पाणी उडून साल सुरकुततं. एक जरी गो चिठ्ठी धड असली तरी ती एकटी पुरेसं एन्झाइम बनवते आणि बी गोल राहतं. म्हणजे गो ने सु ला हरवलं वगैरे काही नाही, सु ला सांगायलाच काही नव्हतं. अप्रभावी चिठ्ठ्या बऱ्याचदा अशाच असतात, काम न करणाऱ्या, सगळ्याच नाही पण बऱ्याच. बाय द वे मिसळीच्या उसळीत घालतो तो सुका पांढरा वाटाणा गुळगुळीत गोल असतो आणि आर्केलसारख्या गोड मटारच्या जातीचं पेरायचं बी बघा, सुरकुतलेलं. गोडवा त्या बिघडलेल्या चिठ्ठीचाच आहे.

एव्हाना मामा-आत्यांचे रिप्लाय आले असतील. ब्लड ग्रुपला या.

ए, बी आणि ओ अशा तीन प्रकारच्या चिठ्ठ्या आहेत, प्रत्येकाकडे त्यातल्या कुठल्या तरी दोन. ए चिठ्ठी लाल पेशींवर एक प्रकारची साखर चिकटवते, बी चिठ्ठी दुसऱ्या प्रकारची, आणि ओ चिठ्ठी काहीच चिकटवत नाही, तिच्यात एक अक्षर गळलंय आणि त्यापुढचं सगळं वाक्य फिस्कटलंय. म्हणून ए आणि ओ एकत्र आले की ग्रुप ए, बी आणि ओ एकत्र आले की बी. ए आणि बी एकत्र आले तर? दोघी बोलक्या, दोघी बोलतात, ग्रुप एबी. याला सहप्रभावी म्हणतात. आणि ग्रुप ओ यायचा असेल तर दोन्ही चिठ्ठ्या ओ, दुसरा मार्गच नाही.

आता माझी मुख्य युक्ती, जी मी सगळ्या पोरांना सांगायचे. कोडं कुठलंही असू दे, सुरुवात नेहमी अप्रभावी गुण ज्याच्यात दिसतोय त्याच्यापासून करायची. कारण ज्याचा ग्रुप ए आहे तो ए-ए आहे की ए-ओ हे त्याच्याकडे बघून कळत नाही, तो काहीतरी लपवून असू शकतो. ओ वाला काहीच लपवत नाही, त्याच्या दोन्ही चिठ्ठ्या उघड्या आहेत. आणि त्या दोन चिठ्ठ्यांपैकी एक आईने दिली आणि एक बाबांनी, म्हणजे ओ दिसला की लगेच त्याच्या आईच्या आणि बाबांच्या नावापुढे एकेक ओ लिहून टाकायचा. त्याला मुलंबाळं असतील तर प्रत्येकापुढे पण एकेक ओ. एक ओ सापडला की वर दोन आणि खाली सगळी अशी माणसं अर्धी उलगडतात.

आमचंच घर घ्या. माझी आई बी, बाबा ए आणि मी ओ. माझ्याकडे दोन ओ आहेत म्हणजे आई बी-ओ आणि बाबा ए-ओ, बस, दोघांना न विचारता कळलं. माझा धाकटा भाऊ एबी, म्हणजे त्याला आईची बी आली बाबांची ए आली. बहीण, म्हणजे भाचीची आई, बी. तिला आईकडून बी आली हे नक्की, बाबांकडून काय आलं? बाबांनी ए दिली असती तर ती एबी झाली असती, ती तर बी आहे, म्हणजे बाबांनी ओ दिली. बहीण बी-ओ. तिच्याकडे ओ चिठ्ठी आहे हे तिला चाळिशी उलटल्यावर वहीच्या पानावर कळलं.

मग भाचीची पाळी. तिचे बाबा एबी. आणि भाचीच्या शाळेतल्या कॅम्पच्या कार्डावर लिहिलेलं, ओ. तिने स्वतःच युक्ती लावली, मी ओ म्हणजे आईकडून एक ओ, बरोबर, बाबांकडून एक ओ... आणि पेन थांबलं. एबी माणसाकडे ओ चिठ्ठी असते कुठे द्यायला. पोरगी माझ्याकडे बघतेय, बहीण किचनच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघतेय, आणि मला हसू आवरेना कारण ट्यूशनमध्ये हे दर वर्षी एकदा तरी व्हायचं. कॅम्पमध्ये रांगेत शंभर-दोनशे पोरं असतात, एक स्लाइड इकडची तिकडे झाली की झालं. दुसऱ्या दिवशी ब्लड बँकेत नीट टेस्ट केली, आली ए. मग गणित बसलं, बाबांकडून ए आणि आईकडून ओ, कारण आईने बी दिली असती तर एबी झाली असती. म्हणजे भाची नक्की ए-ओ. तेव्हा तुमच्या घरी असा न बसणारा आकडा निघाला तर पहिला संशय कार्डावर घ्यायचा, माणसावर नाही. हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये, ब्लड ग्रुपच्या कागदावरून घरात वाद झालेले मी ऐकलेत. आणि चुकीचं कार्ड पाकिटात घेऊन फिरणं हे तर त्याहून वाईट.

कार्ड दोनदा बरोबर निघालं तरी गणित चुकू शकतं, आणि त्याचं नावच आपल्या मुंबईवरून आहे. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत असे लोक शोधले ज्यांचं रक्त साध्या टेस्टमध्ये ओ वाटतं पण ओ रक्त सुद्धा त्यांना चालत नाही. त्याला बॉम्बे ग्रुप म्हणतात. काय होतं की ए आणि बी या साखरा ज्या पायावर चिकटतात तो पाया, त्याला एच म्हणतात, बनवणारं जनुक वेगळंच आहे, ब्लड ग्रुपचं जनुक नवव्या गुणसूत्रावर आणि हे एकोणिसाव्यावर. या पायाच्या दोन्ही चिठ्ठ्या बिघडलेल्या असल्या, म्हणजे तिथेही अप्रभावीच, तर पायाच नाही, मग तुमच्याकडे ए असो बी असो, चिकटवणार कुठे? भिंतच नाही तर खुंटी कशात ठोकणार. असा माणूस कागदावर ओ, पण आत बी चिठ्ठी बाळगून असू शकतो, त्याचं लग्न खऱ्या ओ शी झालं आणि मुलाला ती बी गेली आणि दुसऱ्याकडून धड पायाची चिठ्ठी मिळाली तर मूल बी. ओ आणि ओ चं मूल बी! पुस्तकाच्या हिशोबाने अशक्य, पण शंभर टक्के त्यांचंच मूल. हा ग्रुप मुंबईत साधारण १०,००० लोकांत एकाचा असतो, युरोपात तर फारच दुर्मिळ. म्हणून ब्लड ग्रुपवरून कुणाच्या बापपणावर बोलू नये, त्याला डीएनए टेस्ट असते आणि ती सुद्धा खरंच गरज असेल तरच करावी.

ब्लड ग्रुपपुढच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हचं सोपं आहे. पॉझिटिव्ह बोलकी, निगेटिव्ह गप्प. आईबाप दोघं पॉझिटिव्ह असून मूल निगेटिव्ह होऊ शकतं, दोघांनी एकेक गप्प चिठ्ठी जपून ठेवलेली असली की. निगेटिव्ह बाईला पॉझिटिव्ह मूल होणार असेल तर डॉक्टर अँटी-डी चं इंजेक्शन देतात, ते चुकवायचं नाही, पुढच्या बाळासाठी असतं ते.

आता भाचीचा मूळ प्रश्न, गप्प चिठ्ठ्या संपत का नाहीत. ओ बघा ना, अप्रभावी आहे आणि जगात सगळ्यात जास्त सापडणारा ग्रुप तोच आहे. उलट बाजूने, अकाँड्रोप्लेझिया म्हणून बुटकेपणाचा एक प्रकार आहे तो प्रभावी आहे, एकच चिठ्ठी पुरते, तरी किती दुर्मिळ. आपण सगळे सरासरी उंचीचे लोक त्या बाबतीत अप्रभावी, घ्या. गंमत म्हणजे हाच प्रश्न त्या चौकोनवाल्या पनेटलाही लोकांनी विचारला होता, प्रभावी गुण वाढत वाढत सगळीकडे पसरत का नाही, आणि त्याला उत्तर येईना. मग तो आपल्या क्रिकेट खेळणाऱ्या मित्राकडे गेला, गणितातला हार्डी, हो तोच, पुढे रामानुजनला केंब्रिजला बोलावणारा. हार्डीने १९०८ मध्ये दोन-चार ओळींच्या गुणाकारात दाखवून दिलं की नुसतं गप्प असल्यामुळे चिठ्ठीचं प्रमाण कमी होत नाही, जेवढं होतं तेवढंच पुढच्या पिढीत राहतं. साधं आहे, चिठ्ठ्या डोळे मिटून निघतात, बोलकी कोण गप्प कोण हे काढणाऱ्या हाताला कळत नसतं. चिठ्ठी कमी तेव्हाच होते जेव्हा ती बाळगणाऱ्यांना मुलं कमी होतात किंवा ती जगतच नाहीत. आणि गप्प असलेली चिठ्ठी तर त्यापासूनही लपून राहते.

हे लपणं कुठे महागात पडतं ते मात्र नीट वाचा. सिकलसेल. विदर्भात, नंदुरबार-धुळ्याकडे, गडचिरोलीत, मेळघाटात हा शब्द माहीत नसलेलं गाव सापडणं कठीण. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा फरक, तेवढ्याने लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, अडकते, सांधे प्रचंड दुखतात, रक्त कमी होतं. रिपोर्टवर साध्या चिठ्ठीला ए आणि बिघडलेलीला एस लिहितात. हा ए म्हणजे ब्लड ग्रुपवाला ए नव्हे, लोक इथे फार गोंधळतात, दोन्हींचा काही संबंध नाही. एए म्हणजे काही नाही, एसएस म्हणजे पेशंट, आणि एएस म्हणजे वाहक, ज्याला सहसा काहीही त्रास नसतो, मलेरियापासून थोडं संरक्षणच मिळतं, म्हणून तर मलेरियाच्या पट्ट्यात ही चिठ्ठी टिकून राहिली.

फुलीगोळ्याची चौकट काढा. एएस आणि एए यांचं लग्न, चार घरांत दोन एए दोन एएस, पेशंट एकही नाही. वाहकाने लग्नच करू नये असं काही लोक बोलतात ते ऐकून संताप येतो, कागदावर मांडून दाखवा त्यांना. दोघंही एएस असले तर मात्र प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता पेशंटची. आणि नाण्याला आठवत नसतं हे आठवतंय ना, पहिलं मूल पेशंट झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नाही, दर वेळी नव्याने चारात एक. हा गैरसमज घेऊन बसलेली माणसं मला भेटलीत, म्हणून मी वर नाण्यांवर इतकं लिहिलं.

अजून एक, जे पुस्तकात सहसा नसतं. पेशंटच्या निरोगी बहिणीची वाहक असण्याची शक्यता किती? पोरं म्हणतात निम्मी, चौकोनात दोन घरं आहेत ना. पण ती निरोगी आहे हे आपल्याला आधीच माहीत आहे, म्हणजे एसएसचं घर खोडा. उरली तीन घरं, त्यातली दोन वाहक. तीनात दोन. तेव्हा लग्नाआधी त्या बहिणीची टेस्ट नक्की करायची, मला काही होत नाही हे उत्तर पुरेसं नाही.

टेस्ट साधी आहे, आधी सोल्युबिलिटी टेस्ट आणि ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, त्यावरून एएस की एसएस ते कळतं. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालं, त्यात ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं होतं, गावात टीम आली तर रक्त द्यायला लाजू नका. थॅलेसेमियाचं, म्हणजे हिमोग्लोबिन पुरेसं न बनण्याच्या आजाराचं, चौकोनी गणित डिट्टो हेच. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजात त्याचे वाहक जास्त सापडतात, पण फक्त त्यांच्यातच असं नाही. रिपोर्टवर थॅलेसेमिया मायनर लिहिलं असेल तर घाबरू नका, म्हणजे वाहक, फक्त जोडीदाराची टेस्ट करून घ्या. एक सिकलसेलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा, तरी मुलाला दोन्ही बिघडलेल्या चिठ्ठ्या जाऊन आजार होऊ शकतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे चालतं काही घरांत. त्यात काय होतं, आजोबांकडे एखादी गप्प बिघडलेली चिठ्ठी होती असं धरा. ती नातवाकडे पोचायची शक्यता चारात एक, नातीकडे चारात एक, दोघांकडे सोळात एक, आणि दोघांकडून मुलाला जायची चौसष्टात एक. ऐकायला कमी वाटतं, पण प्रत्येकाकडे अशा गप्प चिठ्ठ्या एकापेक्षा जास्त असतात, आणि आजीच्या वेगळ्या. परक्या घरातल्या माणसाकडे नेमकी तीच चिठ्ठी असणं फार अवघड, नात्यात मात्र ती एकाच पेटीतून आलेली असते.

शेवटी, हे सगळं कुठे लावू नये तेही सांगते. जीभ गुंडाळता येणं, कानाची पाळी चिकटलेली असणं, हे प्रभावी-अप्रभावी म्हणून अजून शिकवलं जातं आणि वर्गात सगळी पोरं जिभा बाहेर काढून बसतात. पण हुबेहूब जुळ्यांत सुद्धा एकाला जीभ गुंडाळता येते दुसऱ्याला नाही, म्हणजे एका जनुकाचा खेळ नाहीये तो. कोकणस्थांचे घारे डोळे, रंग, उंची, हे पण एका चिठ्ठीचं काम नाही, पुष्कळ जनुकं मिळून होतं, तिथे आजीचे डोळे नातीला आले एवढंच म्हणून सोडून द्यावं. आणि गुलबक्षीत तर लाल आणि पांढऱ्याचा संकर केला की गुलाबी येतो, तिथे एक चिठ्ठी अर्धवटच बोलते.

भाचीला जाता जाता एक कोडं दिलं, तुम्हालाही देते. आई ए, बाबा बी, थोरली मुलगी ओ. धाकटा अजून जन्माला यायचाय, त्याचा ग्रुप कुठला असू शकतो? तिने सवयीने आधी आईकडे बघितलं, मग थांबली, मग थोरलीच्या नावापुढे दोन ओ लिहिले आणि तिथून वर गेली. आई ए-ओ, बाबा बी-ओ. चौकट काढली, चार घरं भरली आणि म्हणाली मावशी, हे काय, चारही ग्रुप आले. चारही येतात, प्रत्येकाची शक्यता चारात एक. मग तिला एकदम उजेड पडला की हे तर आजी-आजोबांचंच घर आहे, फक्त ए-बी ची अदलाबदल केलेलं, आणि तिने फोन उचलून मामाला विचारलं, मामा तू एबी ना नक्की, कार्ड कुठल्या कॅम्पचं आहे तुझं?